कॅनडाची फॉल (म्हणजे शरद ऋतूतली) टूर: टूर बरी, पण हवेचं गणित चुकलेलं

५ पैकी साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांचा वेळ नको जायला. पण ज्यांनी अजून पैसे भरले नाहीयेत त्यांनी पुढचं वाचाच, कारण अर्धा स्टार गेलाय जेवणात आणि अख्खा एक स्टार गेलाय तो तिथल्या हवेबद्दल आम्हाला धड काहीच सांगितलं नाही म्हणून.

आम्ही दापोली तालुक्यातले, आंजर्ल्याकडचे. मी, आमचे हे आणि सासूबाई, वय वर्षं ७१. १५ दिवसांची टूर, माणशी ४ लाख ८० हजार, ग्रुपमध्ये २४ जण आणि सगळे आपल्या बाजूचेच, चिपळूण, खेड, रत्नागिरी, दोघं कुडाळचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत. टोरांटो, नायगारा, अल्गॉन्क्विनचं जंगल, ओटावा, मॉन्ट्रियल, क्वेबेक सिटी, मग विमानाने कॅल्गरी, तिथून बसने बॅन्फ, लेक लुईस आणि डोंगर ओलांडून व्हँकुव्हर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच रूट याच क्रमाने बरेच जण विकतात, त्यामुळे मी जे सांगतेय ते तुम्ही कुणाकडूनही गेलात तरी उपयोगाला येईल.

आता मूळ दुखणं. आम्हाला जो कागद दिला होता त्यावर हवेबद्दल एकच ओळ होती, आल्हाददायक शरद ऋतू, तापमान १० ते २० अंश, हलका स्वेटर व छत्री बाळगावी. बस. अहो हा देश आहे केवढा, जवळजवळ १ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या तिप्पट, सहा टाइम झोन आहेत त्यात, टोरांटोहून व्हँकुव्हरला विमानाने पाच तास लागतात. आपल्याकडे आंजर्ल्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा महाबळेश्वरला शाल लागते, आणि हे अंतर काही तासांचं, मग त्या अख्ख्या देशाला एक ओळ कशी पुरेल? ऑफिसात मी दोनदा विचारलं होतं की आई बरोबर आहेत, थंडी किती असेल नक्की सांगा, तर म्हणाले मॅडम बर्फ डिसेंबरात पडतो, काळजी नको.

टोरांटोला उतरलो तेव्हा त्यांचं खरंच वाटलं. २२-२३ अंश, छान ऊन, लोक हाफ शर्टात फिरतायत. आणि झाडं? सगळी हिरवीगार. ग्रुपमध्ये कुजबूज सुरू झाली की लाल पानं बघायला एवढे पैसे भरले ती पानं आहेत कुठे. तर हे आपल्याला आंब्यावरून लगेच समजेल. आंबा कसा आधी देवगडचा येतो, मग रत्नागिरीचा, मग वर रायगडचा, एकाच दिवशी सगळ्या कोकणात आंबा पिकत नाही. तिथे पानांचं तसंच, फक्त उलट, वरून खाली. आधी उत्तरेला आणि उंचावर रंग येतो आणि मग तो खाली खाली सरकत येतो. अगदी उत्तरेला युकॉनकडे ऑगस्टच्या शेवटाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच रंग येऊन जातो, अल्गॉन्क्विनला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस, क्वेबेकच्या डोंगरात साधारण त्याच सुमाराला किंवा थोडं पुढे, आणि टोरांटो शहरात ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर. म्हणजे सप्टेंबर संपता संपता टोरांटोत लाल पान शोधणं म्हणजे मार्चमध्ये रायगडचा हापूस मागण्यासारखं.

नायगाराबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी फोटो बघितलेत. बोटीवर देतात तो प्लास्टिकचा रेनकोट पातळ असतो, पाण्याचे तुषार आणि त्यात वारा, आत स्वेटर घालूनच जा आणि सुके मोजे पिशवीत ठेवा.

अल्गॉन्क्विन मात्र. काय सांगू. १८९३ साली राखीव केलेलं जंगल आहे हे, त्याच्यातून हायवे ६० जातो, पन्नास-पंचावन्न किलोमीटर नुसतं जंगल. सकाळी पाऊस होता, बसच्या काचेवर सगळं धूसर, आई म्हणाल्या आपल्या आंबा घाटासारखंच आहे की. मग अकराच्या सुमाराला ढग फुटले आणि ऊन पडलं, आणि समोरचा अख्खा डोंगर लाल. आपल्या बंदरावर बदामाचं झाड असतं ना, त्याची पानं लालभडक होऊन पडतात, ते एक झाड डोळ्यांसमोर आणा आणि मग नजर पोचेल तिथपर्यंत तसंच. मधे मधे पिवळं, मधे मधे पाइनचं काळपट हिरवं. ओली पानं पायाखाली, वास असा की पावसात कुजक्या पानांचा आपल्या आगरात येतो तसा, पण थोडा गोडसर. मी एक पान हातात घेऊन उन्हात धरलं तर शिरा अजून हिरव्या होत्या आणि मधला सगळा भाग लाल, म्हणजे हिरवं अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

आमचा लोकल गाइड चांगला होता, त्याने समजावलं की पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला, थंडीत हिरवं उतरलं की तो दिसतो. पण मेपलमधला लाल त्या दिवसांत नव्याने तयार होतो, दिवसा कडक ऊन आणि रात्री गार, पण गोठेल इतकी गार नाही, अशी हवा मिळाली की लाल जास्त खुलतो. त्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. हे ऐकल्यावर आमचे हे लगेच म्हणाले की आपल्या आंब्याची पालवी तांबडी येते ती पण त्यानेच, मी घरी आल्यावर शोधलं तर खरंच तेच. आपल्याकडे पान जन्माला येताना लाल, तिकडे पडताना लाल. मला ही गोष्ट इतकी आवडली की आता वाडीत पालवी बघितली की ते जंगल आठवतं.

त्याच मुक्कामात दसरा आला. आपट्याची पानं कुठून आणणार, आणि पार्कातली झाडं तोडायला मनाई आहे, तर आईंनी हॉटेलच्या आवारात पडलेली पिवळी पानं गोळा केली आणि रात्री जेवताना सगळ्यांना सोनं वाटलं. हॉटेलवाल्या बाईंना पण दिलं. त्या रात्री बाहेर ३ अंश होते आणि दुपारी १६. हा फरक लक्षात ठेवा, कारण तिथल्या शरदात दिवस बघून कपडे घातले की संध्याकाळी पंचाईत होते, आपल्यासारखं रात्रंदिवस हवेत चार-पाच अंशांचा फरक असं नसतं.

एक महत्त्वाचं. एक मोठं वादळ आलं किंवा दोन दिवस जोराचा वारा झाला की पानं गळून जातात, खेळ खलास. म्हणून तारखेची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ओंटारियोच्या पार्कांचा फॉल कलर रिपोर्ट त्या सीझनमध्ये ऑनलाइन येत असतो, कुठे किती टक्के रंग आलाय ते त्यात असतं, तो बघत राहा. आमच्या टूर मॅनेजरला हा रिपोर्ट माहीतच नव्हता, ग्रुपमधल्या खेडच्या एका मुलीने काढून दाखवला.

ओटावा, मॉन्ट्रियल ठीक. क्वेबेक सिटीत सकाळी ४ अंश आणि नदीवरून येणारा वारा, तिथे पहिल्यांदा कळलं की आपला हलका स्वेटर म्हणजे चाळण आहे, वारा आरपार जातो. पण मॉन्टमोरेन्सीचा धबधबा बघाच, ८३ मीटर, नायगारापेक्षा उंच, आणि भोवती रंग अगदी भरात होता. इथपर्यंत टूरला मी पाचपैकी पाच द्यायला तयार होते.

मग कॅल्गरी. विमानातून उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे ओठ फुटले. आपण दमट हवेतली माणसं, कातडीला कोरड्या हवेची सवयच नाही. स्वेटर काढताना चटचट आवाज, दाराच्या कडीला हात लावला की झटका, कुडाळच्या काकांच्या नाकातून थोडं रक्त आलं, घाबरले बिचारे. कॅल्गरी हजार मीटरच्या वर आहे आणि हवा कोरडी ठक्क. आईंनी पिशवीतून कोकमतेलाचा गोळा काढला, घरचं, चमच्यात घेऊन हॉटेलच्या गरम कपावर धरून पातळ केलं आणि सगळ्यांच्या ओठांना, टाचांना लावायला दिलं, चार दिवस ग्रुपमध्ये तोच गोळा फिरत होता. महागडी क्रीमं घेतलेल्यांनी पण शेवटी तेच मागितलं. तर कोकमतेल न्या, वजन काही नाही आणि थंडीत घट्टच राहतं त्यामुळे सांडत पण नाही.

लेक लुईसची सकाळ मी विसरणार नाही. साडेसात वाजले तरी धड उजाडलेलं नाही. बसमधून उतरलो तर भुरभुर बर्फ, मिठासारखा बारीक, गालावर टोचतोय. ड्रायव्हर म्हणाला उणे ५, पण वाऱ्यामुळे अंगाला उणे १३ वाटेल. हे वाऱ्याचं गणित तिथे अंदाजात वेगळं देतात, फील्स लाइक म्हणून, तोच आकडा बघायचा, नुसत्या तापमानावर जाऊ नका. आईंच्या पायात कापडी बूट, कारण कागदावर चालायला सोपे बूट असं लिहिलेलं. पाच मिनिटांत ते भिजले, दहा मिनिटांत त्यांना बोटं कळेनाशी झाली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या हाताला धरून उभ्या राहिल्या आणि मला त्यांचा हात हातमोज्यातून पण गार लागला तेव्हा समजलं. मी त्यांना आत हॉटेलात नेलं, बूट-मोजे काढले, पाय माझ्या ओढणीत गुंडाळून चोळत बसले, अंगठ्याची नखं निळसर दिसत होती. आमचे हे गरम चॉकलेट घेऊन आले. पाऊण तासाने पायांना रंग आला. तळं त्यांनी काचेतून बघितलं. त्या म्हणाल्या छान दिसतंय इथून, पण मला अजून वाईट वाटतं, चार लाख ऐंशी हजार भरून माझ्या सासूने ते तळं काचेतून बघितलं, आणि हे एका चांगल्या यादीने टळलं असतं. टूर मॅनेजर म्हणाला असं अचानक होतं कधी कधी. अचानक काही नाही, १६००-१७०० मीटरवरची जागा आहे ती, तिथे सप्टेंबरात पण बर्फ पडतो. खाली कॅल्गरी शहरात २०१४ साली ८ सप्टेंबरपासून तीन दिवस बर्फ पडून पानांनी भरलेली झाडं मोडली होती. हे आम्हाला त्या ड्रायव्हरने सांगितलं, कंपनीने सांगायला हवं होतं.

आणि लार्च. हे झाड आपल्या सुरूसारखं सुईच्या पानांचं, पण याच्या सुया शरदात सोन्यासारख्या पिवळ्या होतात आणि गळून जातात, बाकी पाइनच्या कधी अशा गळत नाहीत. माहितीपत्रकावर मोठा फोटो त्याचाच होता. पण त्याचा बहर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, फार तर ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस, आणि आम्ही पोचलो ७ ऑक्टोबरला. काटक्या उभ्या होत्या. मोरेन लेकला तर नेलंच नाही, तिथे २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत, शटलचं किंवा परवाना असलेल्या बसचं बुकिंग आधी करावं लागतं आणि ते कंपनीने केलेलं नव्हतं.

म्हणूनच माझं ठाम म्हणणं आहे की ही टूर उलटी करायला पाहिजे. आधी व्हँकुव्हर, मग डोंगर सप्टेंबरच्या २३-२४ च्या आसपास, मग पूर्वेला अल्गॉन्क्विन आणि क्वेबेक, टोरांटो-नायगारा सगळ्यात शेवटी. मग लार्च पण मिळतो, मेपल पण मिळतो आणि डोंगरात बर्फाची शक्यता थोडी कमी होते. बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा की डोंगर आधी की नंतर. माझ्या मते जेवण, हॉटेलपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी बॅन्फहून निघताना बघा काय झालं, १५ अंश! बर्फाचं पाणी पागोळ्यांतून गळतंय आणि लोक जॅकेट कमरेला बांधून फिरतायत. त्या बाजूला डोंगरावरून खाली उतरणारा एक कोरडा गरम वारा असतो, चिनूक म्हणतात, तो आला की काही तासांत हवा दहा-पंधरा अंश चढते. आमच्या वेळी तोच होता की नुसतं ऊन ते मला सांगता येणार नाही, पण एका दिवसात आम्ही कानटोपी ते टी-शर्ट हा प्रवास केला. म्हणून कपडे थरांचे न्यायचे. आत थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकरीचं, वरून वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट, टोपीवालं. एकच जाडजूड कोट नेलात तर तो एक तर काढावा लागतो नाहीतर पुरत नाही. जीन्स टाळा, भिजली की दिवसभर अंगावर गार फडकं. बूट वॉटरप्रूफ, इथूनच नेलेले आणि आधी आठ दिवस घालून पायात रुळवलेले. आईंना आम्ही कॅल्गरीकडच्या दुकानातून नाही तर बॅन्फमध्येच घेतले, घाईत घ्यावे लागले म्हणून महाग पडले.

बस आणि ड्रायव्हर या दोघांना मात्र पूर्ण मार्क. डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियात जाताना त्याने दाखवलं की गाडीला हिवाळी टायर आहेत, तिथल्या डोंगरी हायवेंवर १ ऑक्टोबरपासून ते सक्तीचे असतात. स्वतः गाडी भाड्याने घेऊन जाणाऱ्यांनी हे विचारूनच गाडी ताब्यात घ्या. रॉजर्स पासला धुकं आणि स्लीट, म्हणजे अर्धा पाऊस अर्धा बर्फ, पण माणसाने एकदाही घाई केली नाही.

व्हँकुव्हरला उतरलो आणि पाऊस. आम्हाला तर घरी आल्यासारखं वाटलं, आपला संपला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबरात लागतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जोर. पण आपला पाऊस तो नव्हे. वर्षभरात तिथे साधारण १२०० मिलीमीटर पडतो, आपल्याकडे रत्नागिरीत एकट्या जुलैत हजाराच्या आसपास जातो. तो कोसळत नाही, रिपरिप रिपरिप दिवसभर, त्यात हवा ११-१२ अंश, म्हणजे आपण भिजलो तर अंग पुसून चहा घेतो आणि झालं, तिथे भिजलात तर गारठा हाडात शिरतो. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं. त्यांचा पाऊस साधा समजू नका पण, नोव्हेंबर २०२१ मध्ये असाच दोन दिवस लागला आणि व्हँकुव्हरला बाकी देशाशी जोडणारे रस्ते वाहून गेले होते. आमचं स्टॅनली पार्क पावसातच झालं, मला आवडलं, ग्रुपमधल्या निम्म्यांनी बसमधून उतरायला नकार दिला.

आता दोन गोष्टी ज्या कंपनी एक्स्ट्रा पैसे घेऊन विकते. एक, उत्तरेकडच्या यलोनाइफला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्री आकाशात दिसणारे रंगीत उजेडाचे पट्टे. ग्रुपमधलं एक जोडपं गेलं होतं, तीन रात्रींत एकदाच थोडं दिसलं, बाकी ढग. तिथे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर चांगला, ऑक्टोबरात तळी गोठण्याआधी ढगाळ जास्त असतं. ऑक्टोबरात विकत असतील तर विचार करून घ्या.

दुसरी, पूर्वेला अटलांटिकच्या बाजूचं हॅलिफॅक्स आणि केप ब्रेटन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅबट ट्रेलला, तो जवळजवळ ३०० किलोमीटरचा रस्ता आहे समुद्राच्या कडेने, रंग छान असतो. माझी भाची हॅलिफॅक्सला असते, आम्ही गेलो नाही पण तिच्याशी बोलणं झालं. ती म्हणाली मावशी इकडे सप्टेंबरात यायचं तर वादळाचा अंदाज बघूनच ये. २४ सप्टेंबर २०२२ ला फिओना चक्रीवादळ तिथे जमिनीवर आलं तेव्हा तिच्याकडे पाच दिवस लाइट नव्हती, झाडं मुळासकट आडवी. ती सांगत होती आणि मला आमची ३ जून २०२० ची दुपार दिसत होती, निसर्ग वादळ, दोन-तीन तासांत पोफळीची बाग झोपली, नारळ मधून मोडले, कौलं शेजारच्या विहिरीत. भाचीला मी विचारलं तुझ्याकडे मेणबत्त्या, पाणी आहे ना, तर हसली, म्हणाली तुझ्याकडूनच शिकलेय. तर तिकडे जाणाऱ्यांनी विम्यात वादळामुळे फ्लाइट रद्द झाली तर काय ते वाचून घ्या, अटलांटिकचा वादळांचा मोसम नोव्हेंबर संपेपर्यंत असतो.

आणखी एक, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या वीकेंडला हॉटेलं भरलेली आणि महाग, आणि तो झाला की डोंगरातल्या बऱ्याच गोष्टी सीझनपुरत्या बंद होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोत घड्याळं तासभर मागे घेतात, मग पाच वाजता काळोख. नोव्हेंबरात स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका, पानं नसतात, बर्फाची मजा पण नसते.

जेवणाचं थोडक्यात, पूर्वेला उत्तम, डोंगरात पाच दिवस तोच राजमा-भात डब्यातून, तोही गार. बाहेर उणे तापमान असताना माणसाला गरम घास पाहिजे, अर्धा स्टार त्याचाच. हॉटेलं स्वच्छ, खोल्या उबदार, सामानाला माणूस, टूर मॅनेजर स्वभावाने चांगला मुलगा, आईंची त्या दिवसानंतर फार काळजी घेतली त्याने. परत आल्यावर मी ऑफिसात जाऊन ठिकाणांप्रमाणे कपड्यांची यादी लिहून दिलीय, म्हणाले पुढच्या बॅचला देऊ.

आईंचे ते बूट आमच्या माळ्यावर पडलेत, पाच नंबर, आत लोकर, एकूण सहा दिवस वापरलेले. दापोली-मंडणगडकडून कोणी याच सीझनला जाणार असेल आणि माप जमत असेल तर घेऊन जा, परत आल्यावर आणून द्या.